रुपरावची दहा मिनिटं

१

मारबतीच्या दिवशी दुपारी बाराला जयवंताबाईनं काचेच्या कपाटावरची झूल ओढली, आणि ती अशी किंचाळली की आवाज कामठीपर्यंत गेला. गेली कित्येक वर्षं मी हे असंच सांगतो. घरचे म्हणतात, कामठी दहा मैल आहे. बरं, इंदोऱ्यापर्यंत गेला असेल. त्याहून एक फर्लांगही मी कमी करणार नाही.

साल चौऱ्याहत्तर. मी श्रीविलास मिलमध्ये स्टेनो होतो. आज त्या जागेवर फ्लॅट आहेत आणि फ्लॅटवाल्यांना वाटतं तिथे आधी काहीच नव्हतं. अरे बाबांनो, तिथे आमचा भोंगा होता! मिलचा भोंगा झाला की अर्धं नागपूर घड्याळ लावायचं. उरलेल्या अर्ध्याकडे घड्याळच नव्हतं, ते नुसतं भोंग्यावर चालायचं.

तर जयवंताबाई. ही आमच्या ऑफिसची झाडलोट करायची. पोळ्याचा दुसरा दिवस होता. नागपुरात त्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा पोळा, आणि त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक. गावभरची पीडा अंगावर घेऊन ती कागद-बांबूची बाई वाजतगाजत जाते आणि शेवटी जळते. आमच्या मिलचाही एक लाकडी बैल होता. कमरेएवढा उंच, चाकांवरचा, शिंगांना पितळी शेंब्या. ऑफिसच्या हॉलमध्ये त्याला सजवायचं आणि मिलच्या वस्तीतल्या स्पर्धेत न्यायचं, ही मोठ्या मालकांच्या काळापासूनची रीत.

जयवंताबाईनं ओढली ती त्याच बैलाची जुनी झूल. खालचं कपाट रिकामं होतं. कुलूप तुटून लोंबत होतं.

त्या कपाटात चांदीची चाती असायची. चाती म्हणजे साच्यावर सूत गुंडाळत भिरभिरणारी दांडी. ही हातभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड. मिल सुरू झाली त्या दिवशी पहिलं सूत हिच्यावर कातलं होतं. येत्या दसऱ्याला मिलला पन्नास वर्षं होणार होती, आणि इतवारीतला सराफ चातीवर तशी अक्षरं कोरणार होता.

पाचव्या मिनिटाला सुरक्षा अधिकारी दत्तोपंत किल्लेदार हॉलमध्ये हजर. खाकी पोशाख, आणि इस्त्री अशी की कडेनं सुपारी कातरावी. पहारेकऱ्याचा डोळा लागलेला दिसला की हा माणूस त्याच्या कानाशी शिट्टी फुंकायचा. "पहारेकऱ्यानं डोळा मिटला म्हणजे मिल विकली," हे त्यांचं पेटंट वाक्य होतं.

"साडेदहाला मी स्वतः चाती पाहिली," दत्तोपंत म्हणाले. "म्हणजे त्यानंतर गेली. गेटवर कोण होतं?"

गेटवर रुपराव होता. रुपराव ठाकरे, मौद्याकडचा, एकतीस वर्षं त्याच गेटवर. त्याला बोलावलं.

"मारबत अकराला गेटसमोरून गेली. तू गेट सोडलं होतंस?"

आम्ही सगळे मनातल्या मनात ओरडत होतो, नाही म्हण रे, नाही म्हण.

रुपरावनं टोपी काढून काखेत धरली. "हो साहेब. सोडलं होतं. दहा मिनिट."

२

आठ दिवसांत आरोपपत्र निघालं. मीच टाइप केलं. 'कर्तव्यात गंभीर निष्काळजीपणा व त्यायोगे कंपनीचे नुकसान.' शिक्षा बडतर्फीची. रुपरावला निवृत्त व्हायला तेव्हा पाच आठवडे राहिले होते.

बडतर्फीनं काय काय जातं ते कायद्याची पुस्तकं सांगतील. मी पुस्तकात नसलेलं सांगतो. आमच्याकडे निवृत्त होणारा माणूस शेवटच्या दिवशी पाचचा भोंगा स्वतःच्या हातानं ओढायचा. झाडूवाला असो की खात्याचा मुकादम, म्हणजे जॉबर. तो एक आवाज सगळ्या शहरावर त्याचा. रुपरावनं असे शेकडो भोंगे गेटवर उभं राहून ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी टोपी काढली होती. आता त्याच गेटमधून त्याला मान खाली घालून काढणार होते.

"काकाजी, कबूल काहून केलं?" मी त्याला विचारलं.

"सोडलं तं सोडलं. खोटं काहून बोलू?"

"पण गेलात कशाला?"

रुपराव जमिनीकडे पाहत म्हणाला, "प्रयागचा दमा. वीस साल रिंग खात्यात कापसाची धूळ खाल्ली तिनं. डॉक्टर झाले, धंतोलीचा मोठा डॉक्टर झाला. म्हटलं, मारबतीले सांगून पाहू. रस्त्यावर गेलो अन् बोंबललो, प्रयागचा दमा घेऊन जा गे मारबत! बस. कुत्रं आत गेलं असन तं गेलं असन, मानूस नाही गेला."

चौकशीसाठी बाहेरून वकील नेमले होते, देवपुजारी म्हणून. धोतर, काळा कोट, आणि दर अर्ध्या तासाला एक लवंग. पहिल्या दिवशी त्यांनी नियम वाचला की आरोपीला मिलमधला एक सहकारी मदतनीस म्हणून घेता येईल.

"कोणाला घेता, रुपराव?"

"टेलिफोनवाल्या चारूले."

दत्तोपंत मोठ्यानं हसले. "ती? नंबर प्लीजवाली?"

"हो साहेब. साऱ्या मिलमंदी समोरच्याचं पुरं ऐकून घेनारी तेवढी एकच पोरगी हाये."

चारुशीला रामटेके आमच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. इंदोऱ्याची. वडील आमच्याच विणाई खात्यात. छप्पन साली दीक्षेच्या सोहळ्याला सहा वर्षांची चारू बापाच्या खांद्यावर बसून गेली होती, आणि परतताना बापानं वाटेत पहिली पाटी विकत घेतली होती. ऐकताना ती डोळे मिटायची. बोर्डावर बसून बसून लागलेली सवय. लोकांना वाटायचं पोरगी झोपली. कोण खोटं बोलतंय ते तिला श्वासावरून कळतं, अशी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवली होती, पण म्हणून ती खोटी होती असं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत बोर्डापाशी आले. "बाई, आपली नोकरी कानाची आहे. जीभ जरा जपून."

ते गेल्यावर चारूनं मला खूण केली. "स्टेनोबाबू, साहेबांचा श्वास ऐकला का? माणूस रागावला की श्वास सोडतो. यांनी धरून ठेवला होता."

३

जयवंताबाई पायरीवर बसून तंबाखू मळत होती. चारू तिच्या शेजारी बसली. मी मागे वही घेऊन उभा.

"मावशी, त्या दिवशीचं सांग ना."

"काय सांगू वं? मलेच चोर म्हनून राहिले सारे. हॉलमंदी मी होती ना सकाळपासून. मले का चाती लागते? मी का त्याच्यानं सूत कातू?"

"सकाळपासून सांग."

"सातले आली. साहेब माह्या आधीचेच हजर. दरसाल बैल तेच सजवतात, दुसऱ्याले हात लावू देत नाहीत. मी अंगन झाडून आठले आत आली, तं नवी झूल चढवलेली अन् जुनी कपाटावर टाकलेली."

"कोणी टाकली?"

"साहेबानंच. म्या त्याच्यावर फुलाचे टोपले ठेवले. तीन टोपले झेंडू! बैल नऊले गेला, पन सारा पसारा माह्यासाठी ठेवून गेला. मी व्हरांडा धुतला, पानी भरलं, अन् मंग बाराले टोपले उतरवले."

"मधे कोणी टोपले हलवले?"

"कोन हलवते? इथं चमचा कोनी हलवत नाही माह्याबिगर."

चारूनं डोळे मिटले होते. जयवंताबाईला वाटलं हिला कंटाळा आला, म्हणून तिनं आपलं नेहमीचं रडगाणं सुरू केलं. पगार कमी, काम जास्त, बॉयलरच्या धुरानं भिंती काळ्या.

"मावशी, जोडवी लोखंडाची घातली का?" चारूनं मधेच विचारलं.

"लोखंडाची? चांदीची हायेत, लग्नातली! धुरानं पंधरा दिवसात काळी पडतात. इथं चांदी टिकते का? ते चाती दरसाल पोळ्याले अशी काळीकुट्ट राहे, का चिंच अन् राख लावून लावून माहे हात मोडत. यंदा तेवढी देवानं मेहरबानी केली. नुसतं फडकं फिरवलं, लख्ख!"

"पोळ्याच्या दिवशी?"

"पोळ्याच्याच दिवशी. चोरीच्या आदल्या दिवशी."

चारू उठली. चार पावलं गेल्यावर मला म्हणाली, "आरोपपत्रात साहेबांनी चाती किती वाजता पाहिली आहे?"

"साडेदहा. समक्ष."

"आठपासून बारापर्यंत कपाटावर झूल होती. झुलीवर तीन टोपले. मग साहेबांनी कुठून पाहिली? खालून?"

मी तिथल्या तिथे पेन्सिल मोडली. "म्हणजे साहेब खोटं बोलतात! चाती साहेबांनीच चोरली!"

"साहेबांनी चांदी चोरली असं मी म्हटलं नाही, स्टेनोबाबू," चारू म्हणाली. "त्या दिवशी कपाटात चांदी होती हे तरी कुणी सांगितलं?"

४

आता इथे मला कबूल केलं पाहिजे की तिच्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. पुढे मी लोकांना सांगितलं की कळला होता.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती मला घेऊन रुपरावच्या खोलीवर गेली. प्रयागबाईनं धापा टाकत चहा केला. आम्ही दोघं बाजेवर आणि रुपराव उंबऱ्यात. घरातही तो दाराशीच बसायचा.

"काकाजी, त्या दिवशी गेटमधून काय काय बाहेर गेलं?"

"मिल चालू होती वं बेटा. पाळी सुटल्याबिगर मानूस बाहेर जात नाही. सकाळी नऊले बैल गेला, बस. वाजंत्री लावून. साहेब खुद पुढं होते."

"बैलाची झडती घेतली?"

"लाकडाच्या बैलाची?" रुपराव हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. "बैलाची काय झडती घेऊ गा? पन एक गोष्ट हाये. दरसाल तो बैल निघाला का त्याचे चाक असे कुरकुरत, का वाजंत्रीवाल्याले लाज वाटे. किर्र, किर्र! मी गेटवर उभा राहून म्हनो, आला रे बावा म्हातारा. यंदा गुमान गेला. लोन्यातून सुरी जावी तसा."

"तेल दिलं असेल," मी म्हणालो.

"दरसाल देतात, स्टेनोबाबू. लाकडाची आस हाये ना, तेल पिते अन् कुरकुरते."

आस म्हणजे दोन चाकांमधला दांडा. चारूचा चहा हातात तसाच राहिला. डोळे मिटलेले.

"बैल आहे कुठे आता?"

"अवं, यंदा त्याचा पैला नंबर आला! पंच म्हनले, चाल पाहा कशी, जिवंत बैलासारखी. म्हनून वस्तीच्या मंडळानं त्याले हारबिर घालून कुलपात ठेवला. दसऱ्यापावतर लोकाले पाहाले."

प्रयागबाई आतून म्हणाली, "साहेब दोनदा येऊन गेले म्हनते बैल परत मागाले. मंडळवाले देतच नाहीत. म्हनतात, मिलची शान हाये."

दुसऱ्या दिवशी चारूनं बोर्डाखालच्या कपाटातून ट्रंक कॉलची वही काढली. "मी कुणाचं बोलणं ऐकत नाही हं. पण कॉल कुठून आला आणि कुणासाठी, ते लिहावंच लागतं." तिनं फेब्रुवारीचं पान उघडलं.

फेब्रुवारीत मुंबईला कापडगिरण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे मांडायला चाती दत्तोपंत स्वतः घेऊन गेले होते आणि स्वतः घेऊन आले होते. पोळ्याची सफाई सोडली तर वर्षभरात कपाट उघडलं ते तेवढ्यासाठी. वहीत नोंद होती: बडनेरा. बोलणार, श्री. किल्लेदार. बोलावणे, फिटर नत्थू.

"परतीच्या गाडीत मांडीवर चांदी घेऊन बसलेला माणूस," चारू म्हणाली, "बडनेऱ्याला उतरून फोन करतो. मॅनेजरला नाही, घरी नाही. वर्कशॉपच्या फिटरला करतो. काहून?"

आम्ही नत्थूकडे गेलो. नत्थूनं लेथ बंद केलं नाही. चारूनं दोनदा विचारलं, त्यानं दोनदा कानाला हात लावून काही ऐकू येत नाही अशी खूण केली. पण त्याची नजर कोपऱ्यातल्या हौदाकडे गेली. सुट्या भागांवर क्रोमचं पाणी चढवायचा हौद.

परत आल्यावर चारूनं एक बिघडलेला जुना रिसीव्हर घेतला, त्याचं झाकण फिरवून उघडलं, आतून काहीतरी बोटाएवढं काढलं आणि पर्समध्ये टाकलं.

"हे काय?"

"साक्षीदाराला बोलतं करायचं औषध," ती म्हणाली.

५

चौकशीचा शेवटचा दिवस. टाइमकीपरची खोली. मधे टेबल, एका बाजूला देवपुजारी वकील आणि लवंगा, दुसऱ्या बाजूला दत्तोपंत, दाराशी रुपराव. त्याला खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता.

दत्तोपंतांनी आपली बाजू दोन वाक्यांत मांडली. पहारेकऱ्यानं गेट सोडलं. चाती गेली.

"बाई, तुमचे साक्षीदार?" देवपुजारींनी विचारलं.

"एक जयवंताबाई. दुसरा नत्थू. तिसरा बाहेर उभा आहे, त्याला आत आणायला चार माणसं लागतील."

आणि दारातून बैल आला.

अहो, गळ्यात झेंडूचे वाळलेले हार, कपाळावर पहिल्या नंबरचा बिल्ला, मागे मंडळाचे चार पदाधिकारी हमी द्यायला. वकिलांच्या तोंडातली लवंग माझ्या टाइपरायटरवर पडली. मी इमानेइतबारे टाइप केलं: साक्षीदार क्रमांक तीन, बैल, लाकडी.

"ही थट्टा आहे!" दत्तोपंत उभे राहिले. पण त्यांचा आवाज ओठांपाशीच फाटला.

चारूनं घाई केली नाही. आधी जयवंताबाईकडून झूल, टोपले आणि वेळ वदवून घेतलं. मग वळली. "साहेब, आठ ते बारा कपाट झाकलेलं होतं. साडेदहाला आपण चाती कशी पाहिलीत?"

"मी... वेळेत थोडी चूक झाली असेल. आठच्या आधी असेल."

"आठच्या आधी असेल तर काकाजींच्या अकराच्या दहा मिनिटांशी चाती बांधता येत नाही. मग ती बाराच्या आधी केव्हाही गेली असेल."

देवपुजारींनी नवी लवंग तोंडात टाकली नाही. ते पुढे झुकले.

"आता दुसरं," चारू म्हणाली. "मावशी, पोळ्याला चाती लख्ख होती?"

"लख्ख! शपथ घेते."

"आणि तुझी जोडवी?"

जयवंताबाईनं सगळ्यांसमोर पाय पुढे केला. काळीकुट्ट. वकिलांनी अवघडून छताकडे पाहिलं, पण पाहायचं ते पाहिलं होतं.

"गेल्या पोळ्याला चाती काळी पडली होती. यंदा नाही. धूर तोच, कपाट तेच. मग बदललं काय? वकीलसाहेब, जी काळी पडत नाही ती चांदी नाही. त्या दिवशी कपाटातून जे गेलं ते चांदी नव्हतंच."

"मग होतं काय?"

चारू बैलापाशी गुडघ्यावर बसली. पुढच्या चाकांवरची झूल तिनं वर केली. दोन चाकांमधे जुनी तेलकट लाकडी आस नव्हती. तिथे हातभर लांबीची एक दांडी चमकत होती. पर्समधून तिनं रिसीव्हरातलं लोहचुंबक काढलं आणि दांडीपाशी नेलं.

टक्!

तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. लहानसा होता. पण भोंग्यापेक्षा मोठा.

"चांदीला चुंबक चिकटत नाही," चारू म्हणाली. "हे पोलाद आहे, वर क्रोमचं पाणी. नत्थूभाऊ, हात कुणाचा?"

नत्थूनं दांडीचं टोक पाहिलं आणि तो रडायलाच लागला. "माहाच हात हाये. साहेब म्हनले, प्रदर्शनवाल्याले नक्कल द्याची हाये. फेब्रुवारीत केली. मंग तीच कपाटात दिसली, तं मी घाबरलो. बैलात कशी गेली मले मालूम नाही."

"बैल दरसाल साहेबच सजवतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत," चारू म्हणाली. "त्या दिवशी आठच्या आधी साहेब हॉलमध्ये एकटे होते. नऊला वाजंत्रीसकट ही दांडी गेटमधून गेली, आणि काकाजी तेव्हा गेटवर उभे होते. बैल कुरकुरला नाही हे ऐकायलाही तेच होते. वकीलसाहेब, काकाजींनी दहा मिनिटं गेट सोडलं, हे खरं. पण त्या दहा मिनिटांत मिलमधून काहीही गेलेलं नाही."

खोलीत सगळे दत्तोपंतांकडे पाहत होते. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. अगदी साधा, थकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस.

"झोप लागली," ते म्हणाले. "भुसावळ गेल्यावर. दोन रात्री प्रदर्शनात जागलो होतो, चाती सांभाळत. बडनेऱ्याला डोळा उघडला तर पिशवी नव्हती. एकवीस वर्षं मी लोकांच्या कानात शिट्ट्या फुंकल्या. कसं सांगणार होतो की मला झोप लागली? दसऱ्याला सराफ हात लावणार आणि ओळखणार. त्याआधी ती जायला हवी होती. पुढच्या आठवड्यात आस बदलून टाकणार होतो, तर या बैलाचा नंबर आला."

रुपराव दारातून पुढे आला. एकतीस वर्षांत तो साहेबांच्या इतक्या जवळ कधी उभा राहिला नसेल.

"झोप तं कोनालेही लागते साहेब," तो म्हणाला. "झोपीचं काही नाही. पन उठल्यावर माह्याकडे बोट काहून केलं?"

तो प्रश्न मी त्याच्याच शब्दांत टाइप केला.

६

देवपुजारींनी निर्णय सांगायला सुरुवात केली, "आरोप सिद्ध होत नाही, सबब आरोपीस निर्दोष..."

"थांबा साहेब," रुपराव म्हणाला. "ते दहा मिनिट?"

"अहो रुपराव, तुम्ही सुटलात!"

"सुटलो तं बरं झालं. पन गेट तं म्या सोडलंच होतं ना? ते लिवा. ते दहा मिनिट माहे हायेत. बाकीचं ज्याचं त्यानं घ्यावं."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "लिहा. दहा मिनिटे कर्तव्यस्थान सोडल्याबद्दल तोंडी समज." रुपरावनं खाली मोठ्या समाधानानं सही केली, एकेक अक्षर वळवून.

दत्तोपंतांचं आरोपपत्रही मीच टाइप केलं. शब्द तेच, निष्काळजीपणा आणि त्यायोगे नुकसान. फक्त नाव बदललं. चौकशीपर्यंत ते थांबले नाहीत, राजीनामा देऊन वर्ध्याला भावाकडे गेले. प्रयागबाईचा दमा काही मारबतीनं नेला नाही. नेताना बाईची गफलत झाली असावी, तिनं दमा ठेवला आणि दत्तोपंतांना नेलं. खरी चाती कुणाला सापडली नाही. बडनेऱ्याच्या कुण्या बाईच्या पायात तोडे होऊन वाजत असेल, आणि बॉयलरचा धूर नसल्यानं पांढरीशुभ्र असेल. दसऱ्याला कपाटात नत्थूची पोलादी दांडीच ठेवली. बैलाला पुन्हा लाकडाची आस बसवली आणि पुढच्या वर्षीपासून त्याचा नंबर येणं बंद झालं.

आता शेवटचा दिवस. तीस सप्टेंबर.

सगळी मिल अंगणात जमली होती. प्रयागबाईला खुर्ची आणली होती, चारूनं तिचा हात धरला होता. पाच वाजायला आले. भोंग्याची दोरी झेंडूनं सजवली होती. आणि रुपराव कुठे? रुपराव गेटवर, काठी घेऊन, ताठ.

"काकाजी, चला! पाच झाले!"

"थांबा गा."

पाच वाजले. भोंगा नाही. खात्यांमधून माणसं डोकावू लागली. मॅनेजर घड्याळ झटकून कानाला लावू लागले. चारू गेटकडे धावली, आणि अर्ध्या वाटेतच थांबली. तिला कळलं. तिनं आम्हाला हातानं गप्प बसायची खूण केली.

दोन हजार माणसं अंगणात उभी, आणि गेटवर एक म्हातारा रस्त्याकडे तोंड करून पहारा देतोय. पाच वाजून दहा मिनिटं झाली. रुपरावनं काठी नव्या पहारेकऱ्याच्या हातात दिली, शांतपणे अंगण ओलांडून आला, टोपी काढली आणि दोरी ओढली.

असा भोंगा त्याआधी कधी झाला नाही. सगळ्या नागपूरनं घड्याळं त्यावर लावली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्या दिवशी दहा मिनिटं जास्त पेशंट तपासले, इतवारीतली दुकानं दहा मिनिटं उशिरा मिटली, आणि स्टेशनवर मद्रासची गाडी वेळेवर आली म्हणून स्टेशनमास्तरला घाम फुटला. लोकांची चूक लक्षात यायला आठवडा गेला. तेवढा आठवडा हे शहर रुपरावच्या वेळेवर चाललं.

हे खरं का, असं मला नेहमी विचारतात. मिल गेली, भोंगा गेला, रुपराव आणि प्रयागबाईही गेली. चारू इंदोऱ्यात आहे. ती फक्त डोळे मिटून हसते. मग मी मनगट पुढे करतो. घड्याळ त्याच वेळचं आहे. दहा मिनिटं मागे. पुढे करायचं माझ्या मनात कधी आलं नाही.